आन द्रो : पाय सोपे, सांधा अवघड

फ्रान्सच्या वायव्य टोकाला ब्रिटनी आहे. तिथला आन द्रो हा नाच दहा मिनिटांत शिकवता येतो, आणि बहुधा म्हणूनच तो अर्धवट शिकवला जातो. शिकवणारा पायांचे आकडे सांगतो, शिकणारा मान खाली घालून मोजत राहतो आणि गाणं डोक्यावरून निघून जातं. खरं तर मोजायची गरज फार थोडा वेळ असते. ब्रेतॉन, म्हणजे ब्रिटनीच्या, नाचाचं संगीत दोन पक्षांत वाटलेलं असतं. एक ओळ टाकतो, दुसरा उचलतो. तो सांधा कानाला कळला की पाय आपोआप समेवर येतात. कळला नाही, तर वर्षभर नाचूनही माणूस शेजाऱ्याच्या पायांकडे बघतच नाचतो.

आधी पाय. सगळे मध्याकडे तोंड करून उभे, करंगळ्या शेजाऱ्यांच्या करंगळ्यांत अडकवलेल्या, हात खाली सैल. साखळी डावीकडे सरकते, म्हणजे वरून पाहिलं तर घड्याळाच्या काट्यांप्रमाणे. आठ मात्रांचं आवर्तन आहे. एकला डावा पाय डावीकडे, दोनला उजवा त्याच्याजवळ, तीनला पुन्हा डावा डावीकडे. चारला काहीच नाही, वजन डाव्यावरच. मग पाचला उजवा, सहाला डावा, सातला उजवा, तिन्ही जागच्या जागी. आठ पुन्हा रिकामी, वजन उजव्यावर. की लगेच डावा निघतो. एवढंच.

नव्या माणसाचं पाऊल नेमकं चारवर फसतं. रिकामी मात्रा सहन होत नाही, म्हणून उजवा पाय जवळ आणून तो त्यावर टेकतो. वजन उजव्यावर गेलं की पाचला उजवा उचलता येत नाही, मग डावा उचलला जातो आणि पुढचं सगळं उलटं. चारला उजवा पाय आहे तिथेच, भार न देता राहू द्यायचा आणि डाव्या गुडघ्यात किंचित लवचिकपणा ठेवायचा. ‘थांबा’ म्हटलं की लोक ताठ होतात, म्हणून तो शब्द न वापरलेलाच बरा. शरीर थांबत नाही, फक्त पाय बदलत नाही.

दुसरी चूक पाच-सहा-सातची. ही पावलं खरोखर जागेवर पडायला हवीत. इथे कुणी डावीकडे सरकत राहिला तर शेजाऱ्याच्या अंगावर जातो. उजवीकडे परत आला तर साखळी जागच्या जागी झुलते, पुढे जातच नाही. आणि एक-दोन-तीनला पाऊल मोठं टाकायचा मोह आवरायचा. भरलेल्या हॉलमध्ये एका पावलाच्या लांबीएवढं सरकलं तरी पुष्कळ झालं. उत्साही तरुण ढांगा टाकतात तेव्हा साखळीच्या शेपटाला अक्षरशः पळावं लागतं.

हात नंतर. पाय बिनमोजता पडायला लागेपर्यंत हात खाली लोंबते ठेवावेत, कारण दोन्ही एकदम शिकणाऱ्याचे दोन्ही बिघडतात. ढोबळ मानाने पहिल्या चार मात्रांत हात समोरून वर येत, कोपरात वाकत, छातीसमोर स्वतःच्या दिशेनं गोल काढतात. पुढच्या चारांत आणखी एक लहान गोल काढून खाली सुटतात. गावागणिक यात फरक आहे, त्यामुळे ज्या साखळीत शिरलात तिचे हात बघून घ्या. गोल मनगटातून नव्हे, कोपरातून निघतो. करंगळी आवळायची नाही. तिच्यावर हाताचं वजन टाकलं तर तिसऱ्या गाण्याला शेजाऱ्याचं बोट सुजतं. हात चढताना जो हलका उचल जाणवतो, तोच एका माणसाकडून दुसऱ्याकडे जाऊन सगळी साखळी एका श्वासात हलवतो. आवळलेल्या बोटांतून तो पोचत नाही.

आता गाणं. ब्रिटनीच्या मध्यभागात, कारे आणि पुलाउएनच्या परिसरात, दोघांनी गायची पद्धत आहे : कान हा दिस्कान. पहिला ओळ म्हणतो. ओळीची शेवटची दोन-तीन अक्षरं राहिली की दुसरा त्यात मिसळतो, मग तीच ओळ एकटा पुन्हा म्हणतो, आणि त्याच्या शेवटच्या अक्षरांवर पहिला परत येतो. एकाच्या पुनरावृत्तीत दुसरा दम घेतो. म्हणून वाद्याशिवाय दोन माणसं पन्नास-साठ कडवी ओढू शकतात आणि नाचणाऱ्यांना एक क्षणही शांतता मिळत नाही. सुरुवातीला शब्द नसतात. ‘त्रा ला ला ला लेनो’ असं म्हणत दोघं सूर आणि चाल जुळवतात. तेवढ्यात लोक खुर्च्या सोडून साखळी धरतात.

या मिसळण्याला माप आहे. दुसरा उशिरा आला तर भोक पडतं, आणि ते बरोबर पहिल्या मात्रेवर पडतं, जिथे शंभर जणांचा डावा पाय जमिनीवर यायचा असतो. फार आधी आला तर दोघांचे शब्द एकमेकांत अडकतात आणि पुढची ओळ काय होती ते दुसऱ्यालाच नीट ऐकू येत नाही. कारण दुसऱ्याला गाणं आधीपासून पाठ असेलच असं नाही. तो पुष्कळदा ऐकून जसंच्या तसं परत देत असतो. म्हणून पहिल्याचे उच्चार स्वच्छ हवेत, आवाज गोड नसला तरी चालेल. गोआदेक बहिणी किंवा मोर्वां बंधू या ब्रेतॉन गायकांची ध्वनिमुद्रणं ऐकली तर हा सांधा शिवण दिसू न देता कसा घातला जातो ते कळतं.

आन द्रो मात्र मूळचा मध्य ब्रिटनीतला नव्हे. तो दक्षिणेचा, वान शहराच्या आसपासच्या मुलखाचा, आजच्या मोर्बिआँ जिल्ह्यातला. तिकडे एक जण म्हणतो आणि सगळी साखळीच उत्तर देते. शेवटची अक्षरं उचलण्याचा नेम तेवढा काटेकोर नाही. नाचता नाचता गायचं असल्यानं चाल फार वेगवान असूच शकत नाही, दम लागतो. मंचावरचे गट आन द्रो पळवतात तेव्हा हेच विसरलेले असतात : गाता येणार नाही एवढ्या लयीत तो नाच राहत नाही, कवायत होते.

वाद्यांवर वाजवायचा तर जोडी ठरलेली : बोंबार्द आणि बिन्यू कोझ. बोंबार्द म्हणजे सनईच्या कुळातलं दुहेरी पत्तीचं वाद्य, पण बांध्यानं आखूड आणि आवाजानं कितीतरी कर्कश. बिन्यू कोझ ही छोटी मशकबीन, म्हणजे हवा भरलेली पिशवी दाबून वाजवायचं वाद्य. तिची सूर काढायची नळी तळहाताएवढी, आणि ती बोंबार्दच्या एक सप्तक वर वाजते. एकच षड्जाचा लांब भोंगा खांद्यावरून सतत चालू. बोंबार्दला एवढा दाब लागतो की सलग वाजवणं ओठांना झेपत नाही. म्हणून वादक एक ओळ बिन्यूबरोबर वाजवतो, मग वाद्य तोंडातून काढतो. पिशवीत हवा असल्यानं बिन्यू एकटी तीच ओळ पुन्हा घेते, आणि ओळ संपायच्या एक-दोन सूर आधी बोंबार्द परत येतं. गाणाऱ्या दोघांचाच हा नियम.

सुरात मिळवण्याचं ओझं पूर्णपणे बोंबार्दवाल्यावर असतं. त्याची पत्ती ओठांत असते, तो दाबून सूर थोडा चढवू-उतरवू शकतो. बिन्यूची पत्ती नळीच्या खोबणीत बंद, तिच्यापर्यंत ओठ पोचत नाहीत. थंड पत्ती उतरलेली बोलते, वाजवता वाजवता ऊब आणि ओल लागून चढते. म्हणून न तापवता मंचावर चढलेली जोडी पहिली दोन आवर्तनं बेसूर लागते. सप्तकाच्या अंतरावर तेवढा फरकही लपत नाही, कानात थरथर होते. जुन्या लग्नांत वादकांना पिंपांवर उभं करत, म्हणजे आवाज डोक्यांवरून लांब जाई. गुराँ गावी अशा जोड्यांची मोठी स्पर्धा दरवर्षी भरते, तिथे नुसता नाच नाही, चालण्याची धून आणि संथ धूनही वाजवून दाखवावी लागते.

आन द्रो पक्का झाला की हांतेर द्रोकडे जावं. तो याचाच आखूड भाऊ, पण सहा मात्रांचा : डावा, उजवा, डावा, रिकामी, उजवा, रिकामी. हात हातांत गुंफून, खांद्याला खांदा लावून. आन द्रोची सवय लागलेला माणूस इथे दोन मात्रा जास्तीच्या नाचतो आणि तिसऱ्या फेरीला सगळ्यांच्या विरुद्ध दिशेला खेचला जातो. बँड कोणतं वाजवतोय ते ओळखायचं असेल तर ओळीची लांबी ऐका, वेग नव्हे.

डोंगराळ मध्य ब्रिटनीतला गावोत हा वेगळाच प्राणी. तोही आठ मात्रांचा, पण तीन आणि चारमध्ये तीन भराभर पावलं कोंबलेली, आणि सगळा मामला सलग पुढे सरकणारा. त्यात ओळीनं तीन भाग येतात : आधी साधी चाल, मग मध्ये दम खायला चालत-चालत घ्यायचा तुकडा, मग लांब ओळींची दुहेरी चाल. मधल्या तुकड्यात नवखे निघून जातात, नाच संपला समजून. संपलेला नसतो, आणि तिसराच भाग सर्वांत रंगतो.

हे सगळं आज जिथे पाहायला मिळतं तो फेस्त-नोझ, रात्रीचा मेळावा. मुळात शेतीच्या सामूहिक कामानंतर संध्याकाळी लोक नाचत. नव्या खळ्याची किंवा घराची माती चोपून बसवण्यासाठीही नाच ठेवला जाई. पुढे ते विरळ झालं, जोडीनं धरून नाचायची फॅशन आली, पाद्रीबुवा तिच्यावर जळफळत राहिले, आणि जुन्या साखळ्या म्हाताऱ्यांपुरत्या उरल्या. लोइझ रोपार्स या शिक्षकाने 1954 मध्ये पुलाउएनला कान हा दिस्कानची स्पर्धा भरवली आणि पाठोपाठ गायकांना मंच, ध्वनिक्षेपक आणि तिकीट लावलेला हॉल मिळवून दिला. आजचा फेस्त-नोझ हा असा शेतातून हॉलमध्ये आलेला आहे. तो ‘अनादी’ आहे असं सांगणाऱ्यांकडे दुर्लक्ष करावं. युनेस्कोनं 2012 मध्ये त्याला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं.

हॉलमध्ये शिरताना एक शिस्त. साखळीचं डावं टोक म्हणजे म्होरक्या; त्याच्या पुढे जाऊन हात धरायचा नाही. शेपटाला जोडा, नाहीतर दोघांनी हात सोडून जागा केली तर मध्ये शिरा, पण एकमेकांसोबत आलेल्या जोडप्याला तोडू नका. म्होरक्या साखळी गुंडाळत आत नेऊ लागला की आतल्यांनी पावलं अगदी आखूड करायची, बाहेरच्यांनी थोडी लांब. उलट केलं की साखळी फाटते. चुकलात तर मध्येच थांबून मोजू नका. जागेवरच वजन हलवत राहा, हात चालू ठेवा, दुसरा गायक उचलतो तो सांधा येऊ द्या आणि त्यावर डावा पाय टाका.

मोठ्या हॉलमध्ये मंचापासून तीस-पस्तीस मीटरवर आवाज सुमारे एक दशांश सेकंद उशिरा पोचतो. त्यामुळे लांबच्या टोकाची साखळी मंचाजवळच्यांपेक्षा मागे पडलेली दिसते आणि मधली माणसं गोंधळतात. अशा वेळी मंचाकडे बघू नये, शेजाऱ्याच्या हाताच्या उचलीवर जावं. घरी सराव करायचा असेल तर ड्रम-गिटारच्या बँडच्या मुद्रणावर नको. तिथे ठोका सलग असतो आणि ओळ कुठे संपली ते बुजतं. नुसत्या दोन गायकांचं किंवा बोंबार्द-बिन्यूच्या जोडीचं मुद्रण घ्या. पहिल्यांदा नाचू नका, फक्त दुसरा आत येईल तिथे टाळी द्या. टाळी न चुकता पडायला लागली की मग चार जणांनी करंगळ्या धराव्यात. बूट सपाट आणि थोडेसे घसरणारे असावेत. रबरी तळाच्या बुटांत दोनच्या मात्रेचा पाय जमिनीला चिकटतो आणि तासाभरात गुडघा दुखतो.