सुगडातल्या चिठ्ठ्या

आमच्या मंडळाचा मेळावा संक्रांत आणि रथसप्तमीच्या मधल्या कुठल्यातरी रविवारी असतो. पत्रिकेवर वेळ दुपारी तीनची छापतात, बायका साडेतीनला येतात आणि माईक चार वाजता बोलायला लागतो. इतक्या वर्षांत यात पाच मिनिटांचा फरक पडलेला नाही.

मी लग्न होऊन कराडजवळच्या या गावात आले १९९७ साली. पहिल्याच संक्रांतीला सासूबाई म्हणाल्या, "शाळेच्या हॉलात हळदीकुंकू आहे, काठपदराची नेस." मला वाटलं, नेहमीचंच असणार. अत्तराचं बोट, ओटीत बोरं-हरभरे-गाजराचे तुकडे आणि हातात प्लॅस्टिकची चाळणी. होतंही तसंच. फक्त टेबलावर पाच सुगडं मांडली होती आणि त्यातलं मधलं रिकामं होतं. शेजारी वहीचे फाडलेले कागद आणि टेबलाच्या पायाला दोऱ्याने बांधलेलं पेन. बांधलेलं, कारण आदल्या वर्षी तीन पेनं गेली होती.

जिला जे विचारायचं ते तिने चिठ्ठीवर लिहायचं, नाव घालायचं नाही, घडी करून सुगडात टाकायचं. उखाण्यांची फेरी संपली की अध्यक्षबाई एकेक चिठ्ठी मोठ्याने वाचायच्या आणि कराडहून आलेल्या वकीलबाई उत्तर द्यायच्या. ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांच्यासाठी एक निवृत्त बाई बालवाडीच्या खोलीत बसायच्या. एकेकीने आत जायचं, दार लोटून घ्यायचं. या बाई मराठी शिकवायच्या, त्यामुळे नवऱ्याने लाथ मारल्याचं वाक्यसुद्धा स्वल्पविराम-पूर्णविरामासकट शुद्धलेखनात यायचं.

त्या पहिल्या वर्षीची एक चिठ्ठी मला अजून पाठ आहे. "पतसंस्थेतून माझ्या नावावर कर्ज काढलं. सही मीच केली. पैसे कुठे गेले मला माहीत नाही. आता नोटीस मला आली आहे." वाचून झाल्यावर हॉलमध्ये फक्त पंख्याचा आवाज. मग मागून कोणीतरी म्हणालं, "अगं बाई, हे आमच्याकडेपण झालंय." तोपर्यंत मला वाटायचं, असल्या गोष्टी घराघरांत वेगवेगळ्या घडतात आणि घरातच मुरतात.

उखाण्यांचंही एक सांगायला हवं. मंडळात एक आजी होत्या. १९८६ च्या नोव्हेंबरात चांदवडला शेतकरी महिलांचं अधिवेशन झालं, तेव्हा त्या ट्रकमध्ये बसून, फडक्यात भाकऱ्या बांधून गेल्या होत्या. तिथून आल्यावर त्यांचे उखाणे बदलले म्हणतात. मी ऐकलेला असा:

"चांदीच्या वाटीत तिळाची वडी,
सातबाऱ्यावर नाव लावा, मगच उघडते कडी."

सगळ्या खिदळल्या. अध्यक्षबाई म्हणाल्या, "आजी, नवऱ्याचं नाव घ्यायचं राहिलं की!" आजी म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे. आधी माझं लागू दे."

माझी स्वतःची चिठ्ठी पडली २००४ साली. वडील आदल्या पावसाळ्यात गेले होते. माहेर इथून अकरा किलोमीटर. भाऊ हक्कसोडपत्राचा मसुदा घेऊन आला आणि म्हणाला, "ताई, एक सही दे, नुसती पद्धत असते." मी म्हटलं, देते नंतर. दोन महिने 'नंतर'वर काढले. मग चिठ्ठीत लिहिलं, "भाऊ हक्कसोडावर सही मागतो. नाही म्हटलं तर माहेर तुटतं." वाचली गेली तेव्हा मी मान खाली घालून बसले होते. शेजारच्या वहिनी माझ्या कानाला लागल्या, "शप्पथ, ही माझी नाही हं!" पलीकडची दुसरीला तेच सांगत होती.

वकीलबाई म्हणाल्या, "सही करायची का नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. पण काय सोडताय ते समजून सोडा." वडिलांनी मृत्युपत्र केलं नसेल तर त्यांच्या स्वकष्टाच्या मिळकतीत मुलीला १९५६ च्या कायद्यापासूनच मुलाइतका वाटा आहे, आईलाही आहे. वडिलोपार्जितात महाराष्ट्राने मुलींना हक्क दिला तो १९९४ साली, पण २२ जूनच्या आधी लग्न झालेल्या मुली त्यातून वगळलेल्या. एवढं ऐकल्यावर हॉलचा बाजार झाला. प्रत्येकीला आपल्या लग्नाची तारीख आठवायची होती. साल लक्षात नसलेल्या किल्लारीच्या भूकंपावरून मोजत होत्या, भूकंपाच्या आधी का नंतर. एक जण उठून म्हणाली, "भूकंपानंतरच्या उन्हाळ्यात. मे महिना." म्हणजे ती एका महिन्याने हुकली होती! ती हसत खाली बसली, पण नंतर चहाचा कप हातात घेऊन बराच वेळ खिडकीशी उभी होती.

९ सप्टेंबर २००५ ला केंद्राची दुरुस्ती लागू झाली आणि लग्न कधी झालं हा प्रश्नच उरला नाही. पुढच्या मेळाव्याला ती पेढे घेऊन आली. तिचे वडील तेव्हा धडधाकट होते. बापाचा जीव गेल्याशिवाय पेढे वाटणारी लेक म्हणून आजींनी तिची थट्टा केली. त्या तारखेला वडील हयात नसले तर काय, ही अडचण मात्र चिठ्ठ्यांतून येत राहिली. २०२० च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती अटही नको म्हटलं, तेव्हा करोनामुळे आम्ही सगळ्या घरात होतो.

मी सही केली नाही. दोन दिवाळ्या भाऊ आला नाही. वारसनोंद झाली, उतारा हातात आला, मी तो मिरवत वकीलबाईंना दाखवायला नेला. त्यांनी चष्मा वर सरकवून कागद डोळ्यांजवळ धरला आणि बोट ठेवलं. भावाचं नाव डावीकडे, कब्जेदारात. माझं आणि आईचं उजवीकडे 'इतर हक्क' या रकान्यात, सोसायटीच्या पीककर्जाच्या बोज्याखाली. "तुम्हा दोघींना बोज्याखाली बसवलंय," त्या म्हणाल्या. तिथून उचलून डावीकडे आणायला अर्ज, नोटीस, हेलपाटे मिळून आठ महिने गेले. तिसऱ्या भाऊबीजेला भाऊ शाळूचं अर्धं पोतं घेऊन दारात उभा. जमिनीचा विषय त्याने काढला नाही, मीही काढला नाही. आजतागायत काढलेला नाही.

आईचं वेगळंच. वडील गेल्यापासून हळदीकुंकू म्हटलं की ती परड्यात काम काढायची. मंडळात या विषयावर दोन वर्षं जोरात वाद झाला, दोन जुन्या काकूंनी यायचं सोडलं. शेवटी भाषणबिषण न होता पत्रिकेवर 'तिळगूळ मेळावा' छापलं आणि कुंकवाचं तबक टेबलावरून गेलं. मला ते तेव्हा भित्रेपणाचं वाटलं होतं. आता वाटतं, भाषण झालं असतं तर आई आली नसती. ती आली, चहाच्या पिंपाशेजारी शेवटच्या रांगेत बसली. गजऱ्यांची परडी घेऊन एक शाळकरी पोर तिच्याजवळ आली तशी तिने हात केसांवर झाकला. पोरीला काय कळणार, तिने गजरा तिच्या मांडीवर ठेवला आणि पुढे गेली. आईने तो मुठीत घरापर्यंत आणला. रात्री तिची मूठ धुतली तरी वास जात नव्हता.

२०२२ च्या मे महिन्यात शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने नवरा गेल्यावर कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं बंद करायचा ठराव केला. आमच्या एक काकू पेपर दाखवत म्हणाल्या, "बघ, आपण गजऱ्यावरच अडलो." तोवर आई गेली होती.

वाण म्हणून आता चाळणी नसते, फाईल असते. पारदर्शक कप्प्यांची, साठ-सत्तर रुपयांची. आत एक कागद: सातबारा, आठ-अ, लग्ननोंदणीचा दाखला, पासबुक, विम्याची पावती, एवढ्यांच्या झेरॉक्स यात ठेवा. माझ्या सुनेच्या फाईलमध्ये तिच्या लेकीचा जन्मदाखला आहे. मे २०२४ नंतरची आहे ती, म्हणून नावात आधी आईचं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव.

एक चिठ्ठी दरवर्षी कोरी निघायची. नीट चार घड्या घातलेली, आत काही नाही. पहिल्यांदा निघाली तेव्हा कोणीतरी हसलं. अध्यक्षबाईंनी त्या बाईकडे असं पाहिलं की पुन्हा कधी कोणी हसलं नाही. त्या वकीलबाईंकडे वळून म्हणाल्या, "हिचं उत्तर द्या." वकीलबाई क्षणभर गप्प राहिल्या आणि मग माईक जवळ घेऊन सांगत गेल्या. नंतरच्या वर्षांत त्या उत्तरात घरगुती हिंसाचाराचा कायदा आला, जो २००६ च्या ऑक्टोबरपासून लागू आहे. राहत्या घरातून बाहेर काढता येत नाही, घर नवऱ्याच्या नावावर असलं तरी. तालुक्याला संरक्षण अधिकारी असतात, त्यांच्याकडे जायचं. अलीकडे १८१ हा महिला हेल्पलाइनचा नंबर येतो. त्या तो दोनदा सांगतात, सावकाश.

अध्यक्षबाई आता नाहीत. गेली पाच वर्षं चिठ्ठ्या मी वाचते. त्या हॉलाचं मी देणं लागते, ते असं थोडं थोडं फेडते. सुगड दरवर्षी नवं आणतो, कुंभारवाड्यातून, तोंड जरा रुंद बघून, म्हणजे हात आत जातो. यंदा अडतीस चिठ्ठ्या होत्या. कोऱ्या दोन निघाल्या.