थंडीत तळी, पाठीवर बॅगा आणि साध्या लोकल गाड्या

युरोपातली तळी बघायला हिवाळ्यात कोण जातं, हे आम्हाला ज्याने त्याने ऐकवलं. अर्धी हॉटेलं बंद, बोटी कमी, साडेचारला अंधार. तिन्ही गोष्टी शंभर टक्के खऱ्या आहेत, तरी परत जायचं झालं तर मी थंडीतच जाईन. एकच अट, गाजलेल्या काचेरी टुरिस्ट गाड्यांच्या मागे न लागता गावातली माणसं ज्या गाडीने जातात त्या गाडीने जायचं.

आमचा रूट साधारण असा, मिलानहून कोमो तळ्याकाठचं व्हारेन्ना, तिथून इटलीतलंच तिरानो, मग डोंगर चढून स्वित्झर्लंडमधलं सेंट मॉरिट्झ, पुढे ऑस्ट्रियातलं हालश्टाट आणि शेवटी स्लोव्हेनियातलं ब्लेड. दोघांच्या पाठीवर एकेक बॅग, त्यात थर्मल्सचे दोनच जोड, त्यामुळे रूमवर पोचलं की पहिलं काम म्हणजे मोजे धुवून हीटरवर टाकणं, रोमान्स वगैरे त्यानंतर.

मिलानहून व्हारेन्नाला जाताना डाव्या बाजूला बसा. लेक्को गेलं की तळं डावीकडेच येतं, मधेमधे बोगदे असल्यामुळे दिसतं, जातं, परत दिसतं. व्हारेन्नात पाण्यावरून जाणारी लोखंडी कठड्याची एक वाट आहे, तिचं नावच प्रेमिकांची वाट, पण त्या गारठ्यात कठड्याला हात लावला तर ग्लोव्हजमधून बोटं बधिर होतात. नवरा म्हणाला, "अगं प्रेम नंतर, आधी कॉफी." एक बार उघडा होता, काउंटरला उभं राहून प्यायली, इटलीत उभ्याने प्यायलं की बऱ्याच ठिकाणी स्वस्त पडतं. पलीकडच्या बेलाजिओची बोट हिवाळ्यातही चालू असते, पंधराएक मिनिटांत पोचवते. तिथे जवळजवळ सगळी शटर्स खाली, पायऱ्यांच्या गल्ल्यांमध्ये आम्ही दोघं आणि एक मांजर.

तिरानो ते सेंट मॉरिट्झ हा ट्रिपचा खरा ऐवज. इथल्या काचेरी टुरिस्ट गाडीला, म्हणजे बर्निना एक्स्प्रेसला, तिकिटाशिवाय रिझर्व्हेशनचे वेगळे पैसे लागतात, त्याच रुळांवरून साधी लाल रीजनल गाडी जाते तिला रिझर्व्हेशन लागत नाही, कुठेही उतरा, मागची पकडा, आणि नशीब असेल तर खिडकी उघडणारा डबाही मिळतो. (काचेतून फोटो काढले की फोटोत आपलंच नाक येतं.) तिरानोत गाडी चक्क रस्त्यावरून, चर्चसमोरच्या चौकातून जाते आणि मोटारी थांबून राहतात. मग ब्रुझिओला दगडी पुलावरून गोल वळसा घालून स्वतःच्याच रुळांखालून... म्हणजे उतरताना खालून, चढताना आधी खालून मग वरून, जाऊ दे, बघाल तेव्हा कळेल. तिरानो साधारण 430 मीटरवर, वरच्या खिंडीतलं सगळ्यात उंच स्टेशन ओस्पित्सिओ बर्निना 2253 मीटरवर, आणि हा सगळा चढ दातेरी रुळाशिवाय, काही ठिकाणी सात टक्क्यांचा. 1910 साली पूर्ण झालेली लाइन आहे ही, 2008 पासून युनेस्कोच्या यादीत.

वर लागो बिआंको, म्हणजे पांढरं तळं, आणि लगेच पलीकडे लेय नायर, म्हणजे काळं. हिवाळ्यात दोन्हींवर बर्फ, त्यामुळे कुठलं काळं नि कुठलं पांढरं ते नकाशाला माहीत. पण गंमत अशी की पांढऱ्याचं पाणी दक्षिणेला उतरून आद्दा नदीतून कोमो तळ्यात आणि पुढे एड्रिआटिक समुद्रात जातं, काळ्याचं इन नदीतून डॅन्यूबला. हे कळल्यावर मी पुढचा सगळा प्रवास नकाशा उघडून बसले. सेंट मॉरिट्झचं तळं इनवरच, हालश्टाटचं पाणी ट्राउन नदीतून डॅन्यूबला, ब्लेडचं सावा नदीतून डॅन्यूबला. म्हणजे खिंड ओलांडल्यावर आम्ही जे जे तळं बघितलं ते शेवटी काळ्या समुद्रात जाणारं. नवऱ्याला हे मी इतक्यांदा सांगितलं की ब्लेडला पोचल्यावर त्यानेच सुरू केलं, "आता हे पण डॅन्यूब ना?"

सेंट मॉरिट्झला राहणं आमच्या बजेटच्या बाहेर, म्हणून आधीच्या पोंत्रेसिनाला राहिलो, जेवण सुपरमार्केटमधलं ब्रेड-चीज. तळं गोठलेलं होतं, त्यावर माणसं कुत्री फिरवत होती. फेब्रुवारीत याच बर्फावर घोड्यांच्या शर्यती होतात, 1907 पासून. बर्फावर पाऊल टाकायच्या आधी काठावरचे बोर्ड वाचा, ते नाही म्हणाले की नाही.

तिथून हालश्टाट म्हणजे अख्खा दिवस गाड्या बदलणं. स्वित्झर्लंडच्या सीमेवरच्या बुख्स स्टेशनला गाडी उलट्या दिशेने निघते आणि आपण अचानक पाठमोरे बसलेलो असतो. हालश्टाटचं स्टेशन गावात नाहीये, तळ्याच्या समोरच्या काठावर आहे, उतरलं की बोट उभी असते. ती बोट रात्री नसते, संध्याकाळच्या शेवटच्या फेरीची वेळ आधी बघा आणि मगच गाडीचं ठरवा. डोंगर अगदी डोक्यावर असल्याने ऊन पटकन जातं, पण संध्याकाळी दिवसभराचे पाहुणे परतले की गाव हजाराच्या आतल्या वस्तीचं होतं आणि मग कळतं लोक इथे का येतात.

ब्लेडला बेटावरच्या चर्चला 99 पायऱ्या आहेत. लग्नाच्या दिवशी नवरदेवाने नवरीला उचलून वर न्यायचं आणि तिने तोंडातून शब्द काढायचा नाही असा रिवाज. आमच्याकडे दोन्ही अटी अशक्य. त्यापेक्षा तळ्याभोवती साधारण सहा किलोमीटरची फेरी मारा आणि क्रेमश्निता, म्हणजे क्रीमचा केक, खा, त्याचा इथला प्रकार 1953 मध्ये पार्क हॉटेलात सुरू झाला. वरचा पापुद्रा काट्याने दाबला की तुटतो आणि खालचं क्रीम बाजूने बाहेर येतं, नीट खाता येतच नाही. आम्ही एकात दोघं म्हणून मागवलं होतं, मग अजून एक मागवलं.

ब्लेडला मोठ्या लाइनवरचं लेस्त्से-ब्लेड स्टेशन तळ्यापासून चारेक किलोमीटर लांब, पुढे बस मिळते. जमलं तर डिसेंबर सोडून जानेवारीअखेर जा, दिवस थोडा मोठा झालेला असतो आणि वर बर्फही चांगला धरलेला असतो, फक्त सेंट मॉरिट्झच्या शर्यतींचे रविवार टाळा, रूमचे रेट बघून घाम फुटतो.