घरातल्या ऑफिससाठी राउटर निवडताना

घरातून काम सुरू केल्यावर बरेच दिवस मी राउटरकडे लक्षच दिले नव्हते. इंटरनेट चालते आहे ना, एवढेच पाहत असे. ग्राहकांची गोपनीय कागदपत्रे माझ्याकडे येऊ लागली, तेव्हा एकदा राउटरच्या सेटिंग्ज उघडल्या आणि फर्मवेअरची (राउटरच्या आतल्या सॉफ्टवेअरची) तारीख पाहून धास्तावले, कारण शेवटचे अपडेट चार वर्षांपूर्वीचे होते. त्या मॉडेलसाठी अपडेट देणे कंपनीने बंद केले होते. म्हणजे पुढे त्यात कितीही गंभीर त्रुटी सापडली, तरी ती दुरुस्त होणार नव्हती.

नवा राउटर शोधताना म्हणूनच खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेला वेग बाजूला ठेवला आणि या मॉडेलला सुरक्षा अपडेट किती वर्षे मिळतील व ती आपोआप बसतील का, हे आधी विचारले. ज्यांच्याकडे याचे स्पष्ट उत्तर नव्हते, ती मॉडेल्स मी तिथेच बाद केली. माझ्या मते निवडीतला सर्वांत महत्त्वाचा निकष हाच आहे.

दुसरी अट डब्ल्यूपीए ३ ची, म्हणजे वायफाय सुरक्षित ठेवण्याच्या नव्या पद्धतीची होती. २००४ पासून चालत आलेल्या डब्ल्यूपीए २ मध्ये उपकरण जोडले जातानाची देवाणघेवाण कोणी टिपून घेतली, तर तो नंतर निवांतपणे, नेटवर्कच्या आसपासही न फिरकता, पासवर्डचे लाखो अंदाज करून पाहू शकतो. २०१८ मध्ये आलेल्या डब्ल्यूपीए ३ ने ही वाट बंद केली. तिथे प्रत्येक अंदाज प्रत्यक्ष नेटवर्कवरच तपासावा लागतो. डब्ल्यूपीएस (वायफायचा पासवर्ड न टाकता बटण किंवा पिनने उपकरण जोडण्याची सोय) बंद करता येते का, हेही पाहिले. त्याचा पिन दिसायला आठ अंकी असला, तरी राउटर तो दोन तुकड्यांत तपासतो आणि शेवटचा अंक आधीच्या सात अंकांवरूनच ठरतो, त्यामुळे जास्तीत जास्त ११,००० प्रयत्नांत तो सापडू शकतो. ही उणीव २०११ मध्येच उघड झाली आहे.

राउटर घरी आल्यावर ॲडमिनचा पासवर्ड बदलला, बाहेरून नियंत्रण करण्याची सोय आणि यूपीएनपी (घरातल्या उपकरणांना बाहेरून येणाऱ्या जोडण्यांसाठी राउटरमध्ये आपोआप वाट उघडू देणारी सोय) बंद केले. टीव्ही आणि कॅमेरा गेस्ट नेटवर्कवर, म्हणजे पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या नेटवर्कवर टाकले, म्हणजे त्यांच्यात कोणी शिरले तरी कामाच्या लॅपटॉपपर्यंत पोहोचू नये.

अडले ते जुन्या प्रिंटरपाशी. त्याला डब्ल्यूपीए ३ कळत नव्हते. दोन्ही पद्धती एकत्र चालवण्याचा पर्याय राउटरमध्ये होता, पण एका प्रिंटरसाठी कामाच्या नेटवर्कवर जुनी पद्धत पुन्हा सुरू करणे मला पटेना. गेस्ट नेटवर्कवर जुनी पद्धत चालत असल्याने तो जोडला गेला, पण तिथे तो लॅपटॉपला दिसेना, आणि खरे तर दिसू नये अशीच ती रचना होती. अखेर प्रिंटरचे वायफाय बंद केले आणि तो यूएसबी केबलने थेट लॅपटॉपला जोडला.