पवनेच्या काठावर अडलेल्या काठ्या

सप्टेंबरच्या शेवटी पवना धरण तुडुंब भरलेलं असतं आणि पावसाचा जोर ओसरलेला असतो. शिवाजीनगरहून सकाळची लोणावळा लोकल धरायची, कामशेतला उतरायचं, तिथून जीपने पवनानगर आणि पुढे तिकोनापेठ. या वेळी मुक्कामाला तंबू नव्हता. तीन बाय तीन मीटरचा टार्प, म्हणजे छपरासारखं ताणायचं जलरोधक कापड, आणि तो उभा करायला दोन ट्रेकिंग पोल, म्हणजे एकात एक सरकणाऱ्या नळ्यांच्या चालायच्या काठ्या, एवढंच सामान. तिकोना किल्ला बघून खाली उतरलो, एका शेतकरीदादांना विचारून त्यांच्या बांधाजवळ जागा घेतली. समोर पाणी, पाण्यापलीकडे तुंग किल्ल्याचा सुळका. पोल १२० सेंटिमीटरवर लावायचे होते. पहिला सरळ उघडला. दुसरा ९५ वर अडला, तो पुढेही सरकेना आणि मागेही.

अशा वेळी प्रत्येकजण एकच चूक करतो: दोन्ही टोकं धरून जोरात ओढतो. फिरवून घट्ट होणाऱ्या पोलमध्ये खालच्या नळीच्या डोक्यावर एक स्क्रू असतो आणि त्यावर प्लॅस्टिकची चिरलेली बाही. नळी फिरवली की शंकूसारखा तुकडा त्या बाहीत घुसतो, बाही फुगते आणि वरच्या नळीला आतून दाबून धरते. नुसतं ओढून ती बाही सैल होत नाही. फार जोर लावला तर स्क्रूच नळीतून उपटून येतो. म्हणून आधी पिळायचं, ओढायचं नंतर.

पिळायला हाताची पकड पुरत नाही, कारण नळी गुळगुळीत आणि हात ओले. आमच्या पिशवीत सायकलच्या जुन्या ट्यूबच्या दोन पट्ट्या कायम असतात, प्रत्येकी वीतभर. एक पट्टी सांध्याच्या वर गुंडाळायची, एक खाली. दोघांनी एकेक बाजू धरायची आणि सैल होण्याच्या दिशेला हळूहळू जोर वाढवायचा. दिशा बऱ्याच नळ्यांवर बाणाने दाखवलेली असते. ती न बघता पिळलं तर अडलेली काठी आणखी आवळली जाते. पकड किंवा पाइप पान्हा नळीला लावू नका. नळीची भिंत पातळ असते, पोचा पडला की ती नळी गेली.

आमची बाही सैल झाली तरी नळी हलेना. सांध्यापाशी बोट फिरवलं तर तांबड्या चिखलाची बारीक कड हाताला लागली. १८ मिलिमीटरच्या नळीत १६ची जाते, आणि आतली भिंत वजा केली की फट उरते ती अगदी थोडी. आपल्या मावळातला गाळ पिठासारखा असतो, तो ओला असताना आत शिरतो आणि वाळला की पाचर होतो. उपाय धरणाच्याच पाण्याचा. सांधा वर आणि टोक खाली धरून बाटलीने पाणी ओतत राहायचं, मधूनमधून नळी पाव वळसा पुढे-मागे फिरवायची. दहा मिनिटांत तांबडं पाणी खाली गळायला लागलं आणि काठी सुटली. सुटली नसती तरी रात्र अडली नसती: ९५च्या काठीखाली सपाट दगड रचून ती बाजू उंच करता येते, नाहीतर टार्पचं ते टोक झाडाला दोरीने बांधायचं.

खरी दुरुस्ती पुण्यात परतल्यावर, त्याच रात्री. पोलच्या सगळ्या नळ्या पूर्ण ओढून वेगळ्या करायच्या. कोमट पाणी, भांडी घासायच्या लिक्विडचे दोन-तीन थेंब आणि बाटली धुण्याचा लांब ब्रश. धुण्याचा सोडा चुकूनही नको, तो ॲल्युमिनियम खातो. आत पांढरी भुकटी दिसली तर तो ॲल्युमिनियमचा गंज. ओली नळी आठवडाभर बंद ठेवली की तो धरतो, कोकणातल्या समुद्रावरून आणलेल्या काठ्यांना तर लवकरच. तो नायलॉनच्या मऊ ब्रशने काढायचा. पॉलिश पेपरने घासलं तर गंजापासून वाचवणारा वरचा ॲनोडाइज्ड थर जातो आणि पुढच्या पावसाळ्यात गंज आणखी लवकर येतो.

गंजाने नळ्या एकमेकींना धरल्या असतील तर फक्त बाहेरच्या नळीवर उकळतं पाणी अर्धा मिनिट ओतायचं आणि हात न पोळता, फडक्याने धरून, लगेच पिळायचं. ५० अंशांनी तापलेली १८ मिलिमीटरची नळी जेमतेम ०.०२ मिलिमीटर फुगते. आकडा क्षुल्लक वाटतो, पण गंजाची पकड मोडायला बरेचदा तेवढं पुरतं. गॅसच्या ज्योतीवर मात्र धरू नका, आतली प्लॅस्टिकची बाही वितळते.

तेलाबद्दल आमचं मत ठाम आहे. फिरवून घट्ट होणाऱ्या किंवा बाहेरून चाप असलेल्या पोलमध्ये तेलाचा थेंबही नको. कुलूप घर्षणावर चालतं. तेल लागलं की काठी भर उतारावर अंगाच्या वजनाने आत जाते. शिवाय तेलात धूळ बसून त्याची घासणारी लुगदी होते. आधीच कुणी गंज सोडवण्याचा फवारा मारला असेल तर साबणाने पूर्ण धुऊन काढा. टार्पचे मोठे खांब, ज्यांना भोकात बसणारा स्प्रिंगचा खटका असतो, त्यांना कोरडा सिलिकॉन फवारा चालतो. त्यांचं दुखणं वेगळं: खटका आत दबलेला असताना नळी फिरते आणि मग भोक सापडत नाही. दोन्ही नळ्यांवर एका रेषेत मार्करने उभी खूण करून ठेवली की हा शोध संपतो. गंजलेली स्प्रिंग बदलायची तर जुनी सोबत घेऊन रविवार पेठेत बोहरी आळीत जावं आणि खटक्याची जाडी मोजूनच नवी घ्यावी.

धुऊनही नळी एकाच जागी अडते का? मग ती वाकलीय. स्वयंपाकघराच्या कडाप्प्यावर ती लाटण्यासारखी फिरवा. खालून उजेडाची फट उघडमिट करताना दिसेल. ती सरळ करायच्या नादी लागू नका, वाकलेली जागा तडकते. तो एक भाग बदला. तोंडाशी चेपली असेल तर मात्र लाटण्याची निमुळती मूठ आत घालून हलक्या हाताने गोल करता येते.

डिसेंबरात उत्तराखंडात केदारकंठाच्या बर्फात जाणाऱ्यांसाठी एक वेगळी गोष्ट. तिथे सांध्यातलं पाणी रात्रीत गोठतं. तिथे गरम पाणी ओतू नका, तेच पुन्हा गोठतं. सांधा पाच-दहा मिनिटं जॅकेटच्या आत धरा आणि संध्याकाळी नळ्या पुसूनच बंद करा.

आमच्या काठ्या आता गॅलरीत, तीन-तीन तुकडे सुटे, तोंड खाली करून उभ्या आहेत. दोन दिवस सुकल्या की स्क्रू सैल ठेवूनच जोडायच्या. पुढच्या शनिवारी लोहगड.