गावलंय, तर हुडकायचं कशाला?

"तुम्ही बहाई लोक म्हणता, सत्य ज्याचं त्यानं शोधावं. आणि बहाउल्ला हेच या युगाचे अवतार, असंही ठाम सांगता. मग शोध कसला?" मी बहाई, आणि बहाउल्ला आमच्या धर्माचे संस्थापक. हा प्रश्न मला ऑफिसात, लग्नाच्या पंगतीत, एकदा तर केएमटीच्या बसमध्येही आलाय. सगळ्यात नेमका विचारला शेजारच्या मावशींनी, मेथी निवडता निवडता: "गावलंय म्हंतीस न्हवं? मग आनि हुडकतीस काय?"

मी पाठ असलेलं उत्तर दिलं. आमच्यात पुजारी-मुल्ला नाहीत, धर्म जन्मानं चिकटत नाही, बहाई घरातल्या पोरानंसुद्धा पंधरा वर्षांचं झाल्यावर स्वतः ठरवायचं असतं. मावशी "बरं" म्हणाल्या आणि दुसरी जुडी सोडली. मी सांगितलं ते खरंच होतं, फक्त त्यांनी ते विचारलं नव्हतं.

माझे वडील या शोधाच्या तत्त्वावरच भाळले. आजोबा सत्यशोधक, घरातली लग्नं भटाविना लागलेली. शाहू महाराजांच्या पाठबळानं १९११ साली कोल्हापुरात सत्यशोधक समाज उभा राहिला, त्या वाऱ्यातलं ते घर. दादांना, म्हणजे वडिलांना, पाचगणीत बहाई भेटले, तेव्हा त्यांचं बोलणं ओळखीचंच वाटलं असणार. माझं तसं नाही. मला शोध आयता मिळाला, आणि आयत्या वस्तूला आपण फारसं उलटून पाहत नाही. खरं सांगू? 'स्वतंत्र शोध' हा शब्द आम्ही बऱ्याचदा दुसऱ्यासाठीच वापरतो. तू शोध, म्हणजे आमच्या दारात येशील. आपला शोध मात्र बहाई झाल्याच्या कार्डावर सही केली त्या दिवशी आटोपलेला.

हे मला मुलीमुळं कळलं. पंधरावं लागलं तेव्हा ती म्हणाली, "मी अजून काही ठरवलं नाही." मी मोठ्या मनानं "घे की वेळ" म्हटलं. मग जेवताना तिनं विचारलं, "स्त्री आणि पुरुष पक्ष्याचे दोन पंख म्हणता ना? मग हैफाच्या त्या नऊ जणांत एकही बाई का नाही?" इस्राएलमधल्या हैफाचं विश्व न्याय मंदिर ही आमची सर्वोच्च संस्था. १९६३ साली पहिल्यांदा निवडून आली, तेव्हापासून सदस्य पुरुषच. आमच्या बाकी सगळ्या निवडून येणाऱ्या सभांवर बायका असतात, तिथं नसतात. मी बहाउल्लांच्या मुलाचं, अब्दुल बहांचं, वचन सांगितलं: "ते म्हणालेत, याचं कारण पुढं भरदुपारच्या सूर्यासारखं स्पष्ट होईल."

"जोतिबाच्या डोंगरावर आज्जी हेच सांगायची. देवाचं देवाला ठाऊक."

आज्जी म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांच्या असल्या उत्तरांना मी मनातल्या मनात हसत आले होते. मी भाकरीचा तुकडा रश्शात बुडवून तसाच धरून बसले. राग आला होता. आणि त्याच्या तळाशी, आमच्या बहाई मंडळींना काय वाटेल, ही भीती. (अंधश्रद्धेवर भाषण करणाऱ्या बाईला!)

त्या रात्री 'किताब-ए-ईकान' काढलं. ईकान म्हणजे खात्री. पण खात्रीचा हा ग्रंथ लिहिला गेला तो घरातल्याच एका शंकेखोर माणसासाठी. बहाउल्लांच्या येण्याची वार्ता आधी देणारे ते बाब; त्यांना १८५० मध्ये तब्रीझला गोळ्या घातल्या. पुढं दहाएक वर्षं झाली तरी त्यांच्या मामांना पचत नव्हतं, की आपला भाचा, आपल्या अंगाखांद्यावर खेळलेला, तोच ज्याची सगळे वाट पाहतात तो कसा असेल? मामा बगदादला गेले आणि त्यांनी शंका लिहूनच दिल्या. बहाउल्लांनी उत्तरादाखल अख्खा ग्रंथ लिहिला. त्यात शोध घेणाऱ्यासाठी एक अट आहे: मनात द्वेषाचा लवलेश नको आणि प्रेमाचाही नको. द्वेष सत्यापासून दूर लोटेल, प्रेम आंधळेपणानं चुकीकडं ओढेल.

द्वेषाचं कुणीही सांगतं. प्रेमाशी मी अडखळले. दादांचा प्रार्थनेचा आवाज, मार्चमधल्या उपवासात पहाटे उठून केलेला उपमा, हे सगळं माझ्या खात्रीत कालवलेलं आहे. त्यातलं सत्य किती आणि माया किती, हे वेगळं काढायला मी कधी बसलेच नव्हते.

तर तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. बहाउल्लांवर माझा विश्वास आहे, आणि त्यात पडझड झालेली नाही. त्यांचं म्हणणं मला नीट कळलंय, याची मात्र आता खात्री देत नाही. हैफाच्या नऊ जणांचं म्हणाल, तर मी ते मानते, पण कारण मला सापडलेलं नाही. लेकीला तसंच सांगितलं. ती म्हणाली, "हे आधी सांगायचं होतंस की."

आता ती सतरा वर्षांची आहे. सही केलेली नाही. दर एकोणीस दिवसांनी आमच्या घरी बैठक असते. प्रार्थनांना ती बसते, वाचतेही छान. मग सभेचा कारभार आणि निधीचा विषय निघाला, की उठून आत जाते, कारण तो भाग बहाईंपुरता. चहाचं आधण ठेवते. आमचं घर दोन खोल्यांचं. ओट्यापाशी उभं राहिलं, की बाहेरचं सगळं ऐकू येतं.