बाप्तिस्मा झाला, तरी राग का जात नाही?

पुण्यात आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, तरुणांचा बायबल अभ्यास मी घेते. तिथे एक प्रश्न सारखा येतो : "ताई, बाप्तिस्मा झाला, रोज प्रार्थना करतो, तरी राग तसाच आहे. माझा विश्वास खोटा तर नाही ना?" तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

नाही, खोटा नाही. खोटा असता तर हा राग तुम्हाला इतका खुपलाच नसता.

पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज इथे झाला. पुढे त्या अमेरिकेत गेल्या, १८८९ साली मुंबईत त्यांनी शारदा सदन काढलं आणि पुढच्याच वर्षी ते पुण्यात आणलं. एवढं काम चालू असताना आतून मात्र त्यांना समाधान नव्हतं. ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण ख्रिस्त मिळाला नव्हता, असं त्यांनी नंतर आपल्या साक्षीत, म्हणजे विश्वासाचा अनुभव सांगताना, सरळ लिहून ठेवलं. तो भेटला बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी. मला या आठ वर्षांचं फार मोल वाटतं. केडगावचं मुक्ती मिशन, तिथलं १९०५ सालचं संजीवन, म्हणजे आध्यात्मिक जागृती, त्यांनी केलेलं बायबलचं मराठी भाषांतर, हे सगळं आपण मुलांना सांगतो. ही आठ वर्षं सांगत नाही. साक्षीच्या सभांतही तेच. एका रात्रीत दारू सुटलेल्या माणसाला पुढे बोलावतात, आणि जो हळूहळू बदलतोय तो मागच्या बाकावर बसून स्वतःला कमी लेखत राहतो. हे मला अजिबात पटत नाही.

पण धीर धरणं म्हणजे हातावर हात ठेवून बसणं नव्हे. बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायातल्या अंजिराच्या झाडाला तीन वर्षं फळ नसतं. माळी मालकाकडे आणखी एक वर्ष मागतो, ते भोवती खणून खत घालायचं म्हणून. आणि हा धीर आपल्या मनाच्या वाढीपुरता. दुसऱ्याला होणाऱ्या इजेसाठी नाही. बायकोवर हात उगारणारा माणूस "देव माझ्यावर अजून काम करतोय" म्हणू लागला, तर त्याला मी धीर सांगणार नाही. राग जायला वर्षं लागोत, हात आजच थांबला पाहिजे. आणि त्या बाईला ‘सोस’ असं कुणीही सांगू नये, पाळकांनीसुद्धा.

आमच्या मंडळीत एक काकी होत्या. घराच्या वाटणीवरून जावेशी बोलणं तुटलेलं. प्रभूची प्रार्थना म्हणताना ऋण्यांना ऋण सोडल्याची ओळ आली की त्यांचे ओठ मिटायचे, पुढच्या ओळीला पुन्हा हलायचे. मी शेजारी बसायचे म्हणून लक्षात आलं. विचारलं तर म्हणाल्या, "सोडलं नाही गं अजून. देवासमोर खोटं कशाला बोलू?" पण उपासना त्यांनी चुकवली नाही, आणि मन नसतानाही जावेचं नाव घेऊन प्रार्थना करत राहिल्या. बऱ्याच वर्षांनी एका नाताळात करंज्यांचा डबा घेऊन त्या स्वतः जावेच्या दारात गेल्या. जावेनं डबा घेतला, आत बोलावलं नाही. पुढच्या नाताळात काकी पुन्हा गेल्या.

तुम्हाला मी एवढंच सुचवेन. ज्याच्यावर राग निघतो त्याचं नाव रोजच्या प्रार्थनेत घ्या. चिडलात, तर त्याच दिवशी जाऊन माफी मागा. मंडळीतल्या एखाद्या जाणत्या माणसाला अधूनमधून भेटून खरं काय चाललंय ते सांगत जा. आणि गेले दोन-तीन रविवार तुम्ही प्रभुभोजनाच्या, म्हणजे उपासनेत भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या, वेळी उठून बाहेर जाता, ते थांबवा.