सक्ती मुंबईत, एक्सेल शीट कुपवाडला

कुपवाड-मिरजेच्या एमआयडीसीत, किंवा तिकडे कराड-साताऱ्याला फौंड्री (लोखंड वितळवून सुटे भाग ओतायचा कारखाना) चालवणाऱ्यांकडे हल्ली गिऱ्हाइकाच्या पर्चेस ऑर्डरीमागोमाग एक एक्सेल शीट येते. किती युनिट वीज, किती लिटर डिझेल, किती पाणी, किती अपघात, कामावर बायका किती. हे भरायची सक्ती त्या फौंड्रीवर कोणत्याही कायद्याने केलेली नाही. पण न भरून सांगणार कोणाला? व्हेंडर रेटिंगमध्ये, म्हणजे पुरवठादाराला गिऱ्हाईक देतं त्या गुणांमध्ये, त्याचा रकाना असतो. कंपनीने पर्यावरण आणि कामगारांबद्दलचे असे आकडे जाहीर करायचे तो शाश्वतता अहवाल सक्तीचा असावा की ऐच्छिक, हा वाद मुंबईत सेबीकडे आणि ब्रसेल्समध्ये युरोपीय संघाकडे जोरात चालू आहे. तो या शीटपाशी बसून बघितला की वेगळा दिसतो.

सेबीने, म्हणजे शेअर बाजाराच्या नियामकाने, मे 2021 मध्ये ‘बीआरएसआर’ हा शाश्वतता अहवालाचा नमुना आणला आणि 2022-23 पासून बाजारमूल्याने पहिल्या 1000 लिस्टेड कंपन्यांना तो बंधनकारक केला. जुलै 2023 मध्ये ‘बीआरएसआर कोअर’ आलं, म्हणजे त्यातले निवडक आकडे बाहेरच्या तपासनिसाकडून तपासून घ्यायचे: 2023-24 ला पहिल्या 150 कंपन्या, मग 250, मग 500, आणि 2026-27 ला सगळ्या 1000. पहिल्या 250 कंपन्यांनी आपल्या पुरवठादारांचीही माहिती द्यावी, नाहीतर का दिली नाही ते सांगावं, असंही त्यात होतं. उद्योगांकडून ओरड झाली. मार्च 2025 च्या परिपत्रकाने ते ऐच्छिक झालं, वर्षभर पुढे गेलं, आणि खरेदी-विक्रीत ज्याचा वाटा 2 टक्के किंवा त्याहून जास्त आहे तेवढेच भागीदार मोजायचे असं ठरलं. युरोपातही वारं त्याच दिशेचं आहे. तिथल्या 2022 च्या शाश्वतता अहवालाच्या कायद्याला 26 फेब्रुवारी 2025 च्या प्रस्तावाने कात्री लागायला सुरुवात झाली आणि डिसेंबर 2025 च्या तडजोडीत 1000 हून जास्त कामगार आणि 45 कोटी युरोंवर उलाढाल असलेल्या कंपन्यांपुरता तो उरला.

आता या माघारीला ‘लहान उद्योजकाला दिलासा’ म्हणतात. मला ते अजिबात पटत नाही. मोठ्या कंपनीला स्वतःच्या अहवालासाठी, बँकेसाठी, परदेशी गिऱ्हाइकासाठी आकडे लागतातच. नियम ऐच्छिक झाला म्हणून शीट यायची थांबत नाही. फक्त प्रत्येक कंपनी स्वतःची शीट बनवते. एक जण वीज युनिटमध्ये मागतो, दुसरा गिगाज्यूलमध्ये, तिसऱ्याला आर्थिक वर्ष नको, कॅलेंडर वर्ष हवं. पाच गिऱ्हाइकं, पाच शीट, आणि भरणारा एकच अकाउंटंट, तोही जीएसटी रिटर्नमधून उसंत मिळाली तर.

या शीट कुठे चुकतात ते एक हिशेब मांडून बघू. फौंड्रीतून महिन्याला 180 टन चांगलं कास्टिंग डिस्पॅच होतं. इंडक्शन भट्टीसकट महिन्याची वीज 2,00,000 युनिट, जनरेटरला डिझेल 1500 लिटर. ग्रिडच्या विजेला प्रति युनिट साधारण 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड धरायचा; केंद्रीय वीज प्राधिकरण दरवर्षी नवा आकडा काढतं, तोच वापरायचा. म्हणजे 140 टन. डिझेलचं लिटरला 2.68 किलो, म्हणजे आणखी 4 टन. एकूण 144 टन उत्सर्जन, कास्टिंगच्या टनामागे 0.8 टन.

पहिली चूक बिलावरच होते. महावितरणचं उच्चदाब बिल केव्हीएएचवर येतं, केडब्ल्यूएच, म्हणजे खरोखर वापरलेले युनिट, शेजारी वेगळे छापलेले असतात. पॉवर फॅक्टर (केडब्ल्यूएच भागिले केव्हीएएच) 0.95 असेल तर केव्हीएएच सुमारे 2,10,500 होतात. अकाउंटंट पैसे ज्या आकड्यावर लागले तोच उचलतो आणि फौंड्री स्वतःचं उत्सर्जन पाच टक्क्यांनी फुगवून सांगते. छपरावर सोलर असेल तर नेमकं उलटं होतं. जागेवर वापरलेली सौर वीज महावितरणच्या बिलात वापर म्हणून येत नाही. ती सोलरच्या मीटरवरून घ्यायची, त्यातून ग्रिडला दिलेले युनिट वजा करायचे. हे केलं नाही तर एकूण ऊर्जा कमी दिसते. आणि भट्टीच्या सब-मीटरवर सीटी (मीटरसाठी करंट कमी करून देणारा ट्रान्सफॉर्मर) असेल तर रीडिंगला मल्टिप्लाइंग फॅक्टरने गुणायचं राहून जातं, ते वेगळंच.

दुसरी चूक भागाकारात. रनर-रायझर (साच्याच्या वाटांमध्ये गोठलेलं, नंतर तोडून काढलेलं लोखंड) आणि रिजेक्शन धरून भट्टीतून ओतलेलं लोखंड 300 टन असतं. 144 ला 300 ने भागलं तर टनाला 0.48 येतात, 180 ने भागलं तर 0.8. महिना तोच, भट्टी तीच, उत्तरं दोन. गिऱ्हाइकाला 60 टन गेले असतील तर त्याच्या वाट्याला 48 टन येतात. पण शीटवर वाटणी कशाने करायची ते लिहिलेलंच नसतं, म्हणून बरेच जण अख्खे 144 प्रत्येकाला देतात. पुढे मोठ्या कंपनीच्या अहवालात तेच उत्सर्जन दोन-तीनदा मोजलं जातं आणि वर तपासनीस सही करतो.

कचऱ्याच्या आकड्यांना तर घरातच आधार असतो. घातक कचऱ्याचा फॉर्म 4 प्रदूषण मंडळाला 30 जूनपर्यंत जातो, पर्यावरण विवरणाचा फॉर्म 5 हा 30 सप्टेंबरपर्यंत. शीटमधला आकडा यांच्याशी जुळला नाही तर उद्या उत्तर द्यावं लागणार ते फौंड्रीला. म्हणून आधी हे दोन फॉर्म समोर ठेवायचे, मग शीट भरायची. अपघातांचा दर काढताना ठेकेदाराच्या माणसांचे तासही धरायचे. मस्टर वेगळं असतं म्हणून नेमकी फेटलिंगवरची, म्हणजे कास्टिंग तोडून-घासून साफ करणारी, माणसं सुटतात, आणि तिथेच बोटं सापडतात.

सक्तीच्या विरोधात बोलणारे एक गोष्ट फार क्वचित सांगतात. ‘बीआरएसआर कोअर’मध्ये मोठ्या कंपनीला स्वतःबद्दलही सांगावं लागतं: पुरवठादारांचे पैसे सरासरी किती दिवसांनी दिले, लहान उद्योगांकडून किती टक्के माल थेट घेतला, गाव आणि निमशहरी भागात पगारावर किती खर्च केला. एमएसएमई कायद्यात सूक्ष्म-लघु उद्योगाचं बिल जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यायचं आहे. 90-120 दिवस वाट बघणाऱ्या जॉबवर्कवाल्यासाठी तो छापील, तपासलेला आकडा हत्यार आहे. सरासरी असल्याने तो मोठ्या पुरवठादारांच्या वेळेवर दिलेल्या बिलांआड लपतो, हे खरं. लघु उद्योगांचा आकडा वेगळा मागा, ही दुरुस्ती सेबीकडे आपल्या असोसिएशनांनी लावून धरायला हवी.

सक्तीची मोठी फटही आपल्याच भागात दिसते. सहकारी साखर कारखाने शेअर बाजारात नाहीत, म्हणून बीआरएसआर त्यांना लागू नाही. कृष्णा-वारणेच्या काठावर पाण्याशी सगळ्यात जास्त संबंध असलेला उद्योग असा बाहेर राहतो. प्रदूषण मंडळाचे नियम त्यांना आहेत, ऑनलाइन मॉनिटरिंगही आहे, पण सभासदाच्या हातात पडणाऱ्या वार्षिक अहवालात पाण्याचा आणि सांडपाण्याचा हिशेब यावा, अशी सक्ती सहकार कायद्यातून करता येईल. सभासद तो वाचतील. नदी त्यांच्याच शेताला पाणी देते.

लहानांसाठी मागणी साधी आहे. एकच नमुना, मराठीतही, दोन पानं, एप्रिल ते मार्च, वीज केडब्ल्यूएचमध्ये, वाटणी डिस्पॅचच्या वजनावर, उत्सर्जनाचे गुणक छापलेले. युरोपने लहानांसाठी असा ऐच्छिक छोटा नमुना जुलै 2025 मध्ये सुचवला आहे. आपल्याकडे त्याला एक सक्ती जोडावी, पण ती मोठ्यांवर: या दोन पानांपलीकडे काही मागायचं असेल, तर तपासणीचा आणि कन्सल्टंटचा खर्च मागणाऱ्याने त्याच पर्चेस ऑर्डरीत वेगळी ओळ टाकून द्यायचा.